उक्त्यात नसलेला हातपंप

हिराजी गवंड्याने मला फसवलं. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मी आडून बोलतो असं पुढे कोणी म्हणायला नको. मला फसवायचा प्रयत्न आजवर पुष्कळांनी केला. केळीच्या व्यापाऱ्यांनी केला, टँकरच्या ड्रायव्हरांनी केला, सख्ख्या साडूने केला. कोणाला जमलं नाही. जमलं ते या वाकलेल्या, डोळे मिचमिच करणाऱ्या म्हाताऱ्याला. तेही माझ्याच जागेत, माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी.

हिराजीमामाला ओळखायला त्याचा चेहरा बघायची गरज नाही. आवाज ऐकला तरी पुरे. हा माणूस समोर येईल ती वस्तू वाजवून बघतो. सदऱ्याच्या खिशात जुन्या सायकलच्या पायडलमधून काढलेली एक बोटभर लोखंडी कांडी असते. दार, भिंत, फरशी, मडकं, फणस, देवळाची पायरी, काहीही दिसलं की कांडी बाहेर निघते. टक टक. मान तिरकी होते. डोळे मिटतात. मग निकाल लागतो, आणि निकाल दोनच: "खरं बोलतंय" किंवा "खोटं बोलतंय." त्याच्यावर अपील नाही.

निर्मळ गावात एका लग्नात मुलीकडच्यांनी सागवानी कपाट दिलं होतं. सगळे कपाटाभोवती उभे राहून कौतुक करत होते. मामा पुढे झाला, टक टक केलं आणि भरमांडवात म्हणाला, "खोटं बोलतंय. वरनं साग, आतनं भुसा." नवरीच्या मामाने ते कपाट घेतलं होतं. त्यानंतर जे झालं त्यात जेवणाची पहिली पंगत उठायची राहिली आणि दुसरी बसायची राहिली. हिराजीमामा मात्र कोपऱ्यात बसून शांतपणे जिलेबी खात होता. जिलेबी त्याने वाजवली नाही, एवढंच.

माझ्याही गाडीचं त्याने असंच केलं. गाडी मी विरारच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती, आणि ती कशी एका ओरखड्याशिवायची आहे हे मी महिनाभर लोकांना सांगत होतो. मामाने पुढचं दार वाजवलं, मागचं वाजवलं आणि मागच्या दाराशी थांबला. "शेट, हिला कोनीतरी ठोकलीय. हितं पुट्टी हाय." गॅरेजवाल्याने खरवडून बघितलं. पुट्टी होती. त्या डॉक्टरकडे मी तेव्हापासून तापाची गोळीसुद्धा घेतलेली नाही.

मामाचं सगळंच बरोबर येतं असं समजू नका. कलिंगडाच्या बाबतीत तो हमखास चुकतो. त्याने वाजवून दिलेलं कलिंगड घरी जाऊन कापलं की आत दुधी भोपळा निघतो. विचारलं तर म्हणतो, "कलिंगडाला सिमेंटची भाषा येत नाय." चूक कलिंगडाची.

आणखी एक. तो मला शेट म्हणतो आणि अरेतुरे करतो. दोन्ही एकाच वाक्यात. मी त्याला मामा म्हणतो आणि अहोजाहो करतो. हा हिशेबसुद्धा मला कधी पटलेला नाही.

आता मूळ भांडण. वटारला माझं रिसॉर्ट आहे. रिसॉर्ट म्हणजे केळीची वाडी, सोनचाफ्याची झाडं, आठ-दहा खोल्या आणि मधोमध पोहायचा पूल. मुंबईची माणसं सकाळी येतात, दिवसभर पाण्यात बसतात, संध्याकाळी भजी खाऊन जातात. मी ते बांधलं नाही. मी पाण्याच्या टँकरच्या धंद्यातून वर आलेला माणूस. इमारती उभ्या राहिल्या, नळ कोरडे राहिले, आणि माझे टँकर धावत राहिले. हाताशी चार पैसे आल्यावर ही तयार वाडी मी जनूशेटकडून विकत घेतली. वाडी त्याची वडिलोपार्जित. पूल त्यानेच बांधला. विकली आणि बोरिवलीला मुलाकडे राहायला गेला.

पूल जुना झाला होता. तळाचा गिलावा पोपडे धरायला लागला. पोरांच्या पायांची बोटं खरचटायची आणि त्यांच्या आया माझ्याशी भांडायच्या. होळीनंतर सीझन सुरू होतो. त्याच्या आत पूल नव्याने गिलावा करून भरला नाही तर सगळी बुकिंगं शेजारच्या रिसॉर्टवर जाणार, हे उघड होतं. शेजारचा माणूस माझ्या कंपाउंडवरून रोज डोकावून बघायचाच.

म्हणून दिवाळीनंतर मी माणसं बोलावली. पहिला आला मुंबईचा एक इंजिनिअर. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले, जुन्या गिलाव्यावरच नवा थर मारू म्हणाला आणि आठवड्यात मोकळं करतो म्हणाला. मला पटलं. स्वस्तही होतं. पण माझा मॅनेजर बस्त्याव, तो वटारचाच, म्हणाला, "शेट, एकदा हिराजीमामाला दाखवूया. म्हातारा आहे, पण पूल बांधला तेव्हा तोच गवंडी होता."

मामा आला. पुलात अजून पाणी होतं. तो काठावर उकिडवा बसला, पाण्याच्या पातळीवरच्या लाद्यांवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"काय वास येतो?"

"कसला?"

"खोबरेल. सगळ्या मुंबयच्या डोक्याचं तेल हितं बसलंय. याच्यावर नवं सिमेंट मारशील तर ते रुसंल. मेल्या कातडीवर नवी कातडी धरत नाय, शेट."

इंजिनिअर हसला. म्हणाला, "आजोबा, आता केमिकलं येतात. सगळं चिकटतं."

मामाने त्याच्याकडे बघितलं, कांडी काढली आणि त्याच्या हातातल्या हेल्मेटवर टक टक केलं. निकाल दिला नाही. इंजिनिअर निघून गेला तो परत आला नाही. माझा स्वस्तातला सौदा असा गेला. पहिलं नुकसान ते.

मग आमची घासाघीस सुरू झाली. ती दोन दिवस चालली, आणि त्या दोन दिवसांत मी जेवढा ओरडलो तेवढा टँकर उलटला तेव्हासुद्धा ओरडलो नव्हतो. मामा म्हणत होता, काम रोजावर करतो. मी म्हणालो, उक्तं घ्या, सगळ्या कामाचा एकच आकडा. रोजावर काम दिलं की गवंडी विटेशी गप्पा मारतो, हे मला धंद्यात पदार्पण केल्यापासून ठाऊक आहे. उक्त्यात उलट असतं. जेवढा उशीर होईल तेवढं त्याचंच नुकसान. शेवटी तो उक्त्याला तयार झाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "म्हाताऱ्याला बरोबर बांधला." तिने विचारलं, "तो काय पळून जाणार होता?" बायकोला धंद्यातलं कळत नाही.

पौषात काम सुरू झालं. पूल रिकामा करायचा म्हणून मी मोठा पंप लावायला सांगितला. मामाने तो बंद केला.

"एकदम नको उपसू. हळू. खालचं पानी वर उचलंल."

"काय उचलेल?"

"टाकी." पुलाला तो टाकीच म्हणतो. "रिकामी टाकी म्हंजे होडी. खाली पानी भरलेलं असलं की तरंगते. तडा जातो."

सिमेंटची होडी माझ्या केळीतून तरंगत चालली आहे असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी हसलो. पण बस्त्यावने सांगितलं की पलीकडच्या गावात एकाच्या पुलाचा तळ असाच वर आला होता. मग मी हसणं थांबवलं.

पाणी हळूहळू उतरलं. खोल बाजूचा तळ उघडा पडला तसा मामा पायऱ्या उतरून सरळ आत गेला, एका जागी थांबला आणि दोन गड्यांना म्हणाला, "हितं फोडा." त्यांनी छिन्नी लावली. घटकाभरात माझ्या पुलाच्या तळाला भोक पडलं आणि त्यातून पाणी उसळून वर आलं. स्वच्छ, थंडगार पाणी.

मी काठावरून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"वरडू नको," मामा खालून म्हणाला. "टाकीला श्वास दिलाय. आता उचलनार नाय. गिलावा झाला की बुजवीन." भोकात त्याने छोटा पंप सोडला आणि पाणी केळीकडे वळवलं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. मी चिडलेला होतो. चिडलेल्या माणसाला भोक दिसतं, भोक पाडणाऱ्याचे हात दिसत नाहीत. ती गोष्ट पुढे सांगतो.

त्यानंतर वाजवणं सुरू झालं. मामा अख्खा पूल कांडीने वाजवत निघाला. भिंतीच्या वरून खाली, पुन्हा वरून खाली, तळावर हात-हात पुढे सरकत. टक टक टक. मधेच आवाज बदलायचा, टक्‌ची बद्द व्हायची. तिथे तो खडूने गोल काढायचा आणि भिंतीला म्हणायचा, "पकडली." गिलावा आतून सुटलेला असला की असा पोकळ बोलतो, तो तेवढा उतरवावाच लागतो, हे त्याने मला समजावलं. मी म्हणालो, बरं. पण दोन दिवसांनी बघतो तर सगळा पूल गोलांनी भरलेला. कोणी मोठी रांगोळी घालायला घ्यावी आणि रंग भरायचे विसरावे, तसं दिसत होतं.

"मामा, एवढं पोकळ? मग चांगलं काय उरलं?"

"जे खरं बोललं ते."

मग गोलातला गिलावा छिन्नीने उतरवला. जो पक्का होता त्यावर टाचे मारले, म्हणजे नव्याला धरायला जागा राहील. काठाच्या लाद्यांखालची कड कापली. भेगा बंद करायच्या सोडून आणखी उघडल्या. मी विचारलं, तर म्हणे भेग आतपर्यंत उघडली नाही तर ती पुन्हा तोंड काढते. तेलकट पट्टा पातळ आम्लाने धुतला, पाण्याने धुतला, परत धुतला. त्यानंतर पुलात कोणी चप्पल घालून उतरायचं नाही असा हुकूम निघाला. बस्त्याव एकदा आत उभा राहून भजी खात होता, बोलता बोलता त्याने भिंतीला हात टेकला. मामाने त्याला साबण दिला, घासणी दिली आणि ती जागा त्याच्याकडून घासून घेतली. बस्त्याव भिंत घासत होता आणि मामा शेजारी उभा राहून त्याची भजी संपवत होता.

माझ्यावरही ही पाळी आली. मी माझ्या पुलात माझ्या चपला घालून उतरलो, तर मामा म्हणाला, "शेट, देवळात जातोस तवा काय करतोस?" मी चपला काढल्या. काढल्यावर राग आला. आधी यायला हवा होता.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार इथून पुढे आहे.

भिंती तयार दिसत होत्या. रेती येऊन पडली होती, सिमेंट झाकून ठेवलं होतं. मी रोज सकाळी विचारायचो, "मामा, आज गिलावा?" मामा कांडी वाजवायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "अजून तयार नाय." दुसऱ्या दिवशी तेच. भिंत ओली पाहिजे पण पाणी ओघळलं नाही पाहिजे. आज फार सुकली. आज फार भिजली. आज वाऱ्याने धूळ बसली. मी चिडलो की तो त्याचं ठरलेलं वाक्य टाकायचा, "घाई कोनाला हाय, तुला की सिमेंटला?"

मला, मी म्हणायचो. मला आहे घाई.

दोन्ही गड्यांना त्याने दुसऱ्या कामावर पाठवून दिलं. स्वतः एकटाच दिवसभर पुलात. तळातून एक लांबलचक भेग उघडत बसलेला असायचा, खोल बाजूच्या भोकापासून थेट मोटर रूमच्या बाजूच्या भिंतीपर्यंत. एवढी सरळ भेग मी जन्मात पाहिली नव्हती. पण भेगांचं मला काय कळतं?

मला एक कळत होतं, आणि त्याने माझी झोप उडाली होती. काम उक्तं होतं. उशीर झाला तर मामाचं नुकसान. मग हा माणूस उशीर का करतोय? रोजावर असता तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. उक्त्यावर काम लांबवणारा गवंडी मी पहिल्यांदा बघत होतो. ज्या सौद्यात मी त्याला बांधला होता, त्या सौद्यात तो खुशाल बुडत होता, आणि बुडताना भिंत वाजवत होता. धंदेवाल्या माणसाला शेजाऱ्याचा नफा कळला नाही तर चालतं. तोटा कळला नाही की भीती वाटते.

मग मी लक्ष ठेवलं. मामा संध्याकाळी ऊन उतरायच्या आत घरी निघायचा. सायकलला दोन्ही बाजूंना दोन कॅन लटकलेले असायचे. येताना हलके, जाताना जड. म्हटलं, सापडला. माझं डिझेल नेतोय. नाहीतर आम्ल. कदाचित दोन्ही.

एके दिवशी त्याची सायकल फाटकाबाहेर पडल्यावर मी बस्त्यावची स्कूटर घेतली आणि मागे निघालो. गाडी घेतली नाही. गाडीची ती पुट्टी तो आवाजावरून ओळखेल असं मला वाटलं.

मामा निर्मळच्या दिशेने चालला होता. हळू, मधून मधून पाय टेकत. एका कॅनमधलं पाणी सांडत होतं. पाणीच होतं ते. रस्त्यावर ओली रेघ उमटत होती आणि तिला डिझेलचा वास नव्हता. मी स्कूटर थांबवून बोट लावून बघितलं, म्हणून सांगतो.

त्याचं घर रस्त्याला लागूनच. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर खुर्चीत एक म्हातारी बसली होती. नीटनेटकं लुगडं, केसात चाफ्याचं फूल, पाय खाली न टेकणारे. मी कुंपणाशी उभा राहिलो. मामाने कॅन उतरवले, हात धुतले, चुलीवर डाळ ठेवली. मग एका पितळी पेल्यात कॅनमधलं पाणी घेतलं, पेल्याला नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि पेला तिच्यापुढे धरला.

ती एक घोट प्यायली. थांबली. मग सगळा पेला प्यायली.

"आमच्या विहिरीचं आहे," ती म्हणाली.

"होय, बाय."

"रहाट कुरकुरतोय का रे अजून? बाबांना म्हणावं, तेल घाला."

"मीच घालतो, बाय. उद्याच."

"तू नवीन गडी आहेस का?"

"जुनाच हाय, बाय."

"बरा आहेस," ती म्हणाली आणि पेला परत दिला.

मला वाटलं, ही त्याची कोणी मालकीण असावी. मामाने मागे वळून बघितलं आणि मी दिसलो. तो दचकला नाही. कुंपणापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बायको हाय माझी. वरडायचं तर लांब चल."

आम्ही थोडं लांब गेलो. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण विषय सापडेना. तो त्यानेच काढला.

ती वटारची. माझ्या वाडीतली. म्हणजे जी आज माझी आहे त्या वाडीतली मुलगी. जनूशेट तिचा धाकटा भाऊ. वाडी विकताना जनूशेटने मला झाडं मोजून दाखवली, खोल्या दाखवल्या, सोनचाफा कोणत्या महिन्यात फुलतो ते सांगितलं. बहीण आहे, ती दोन मैलांवर राहते आणि तिचा नवरा गवंडी आहे, हे सांगितलं नाही. विहिरीचंही सांगितलं नाही.

विहीर होती. गोल, दगडी, रहाटाची. गावातल्या बाया तिच्यावरून डाळीसाठी पाणी न्यायच्या, कारण त्या पाण्यात तूरडाळ लोण्यासारखी शिजायची. जनूशेटला रिसॉर्ट करायचं होतं, आणि पूल त्याला बरोबर मधोमध हवा होता. मधोमध विहीर होती. त्याने ती डबर टाकून बुजवली आणि वर पूल बांधला. बुजवायचं काम मेहुण्याला दिलं. म्हणजे मामाला.

"मी नाय म्हनालो असतो तर दुसऱ्याने बुजवली असती," मामा म्हणाला. "एवढंच केलं, की श्वासाचा पाईप ठेवला."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. विहीर बुजवली तरी तिचा श्वास कोंडायचा नाही. डबरातून एक पाईप वर काढून ठेवायचा, नाहीतर विहिरीचं जे काही असतं ते घराला लागतं, असं म्हणतात. कोणी विचारलं तर आम्ही हसतो, पण पाईप ठेवतो. जनूशेटनेही ठेवू दिला. फक्त नंतर पुलाचा तळ त्या पाईपवरूनच घातला. श्वासाला जागा ठेवली आणि वर झाकण बसवलं.

तेव्हा मला ती राहिलेली गोष्ट लक्षात आली. पूल रिकामा झाला तेव्हा मामा खोल बाजूला सरळ चालत गेला होता आणि "हितं फोडा" म्हणाला होता. फणस वाजवणारा, गाडी वाजवणारा, नवरीचं कपाट वाजवणारा हा माणूस. तेवढी एक जागा त्याने वाजवली नव्हती. खाली त्याचाच पाईप होता.

"तिने तवा एकदाच इचारलं," मामा म्हणाला. "तुम्हीच बुजवलीत का? मी म्हनालो, होय. परत कधी बोलली नाय त्या विषयावर. आता दोन वर्सं झाली, डोकं कामातनं गेलंय. समदं विसरली. पन ताटातली डाळ बाजूला सारते. म्हनते, हे पाणी आमचं नाही. नळाचं देऊन बघितलं. बाटलीचं देऊन बघितलं. तुझ्या टँकरचं पन."

"माझ्या टँकरचं पाणी चांगलं आहे," मी म्हणालो.

"तिने थुकलं."

 माझ्या पाण्याबद्दल असं आजवर कोणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "खरंच कळत असेल का तिला? मनाचे खेळ असतात."

मामाने कांडी काढली, काही तरी वाजवायला शोधलं, काही सापडलं नाही, परत खिशात ठेवली. "तिला माझं नाव आठवत नाय, शेट. पानी आठवतंय. हे पानी प्यायली की जेवते. जेवली की दोन शब्द बोलते माझ्याशी. गडी समजून का होईना."

ओट्यावरून म्हातारीने हाक मारली, "अरे, डाळ बघ!" तो "आलो, बाय" म्हणत लगबगीने आत गेला. मी स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा काठावर उभा राहिलो आणि नेहमीसारखा ओरडलो, "हे भोक कधी बुजणार?" तो माझा पूल आहे. सीझन माझा आहे. मामा वर न बघता म्हणाला, "बुजवतो." आणि बुजवलं. गडी परत आले. ओल्या भिंतीला सिमेंटचा पातळ हात मारला, तो सुकायच्या आत त्यावर नवा गिलावा चढला, गुळगुळीत, एकसारखा. इतके दिवस तयार नसलेली भिंत एका रात्रीत तयार कशी झाली, हे मी विचारलं नाही. होळीच्या आधी पूल भरला. माझ्या टँकरने. शेजारचा माणूस कंपाउंडवरून डोकावला आणि परत गेला.

पूल भरल्यावर मामाने शेवटचं म्हणून काठाच्या लाद्या वाजवल्या. मीही एके ठिकाणी वाजवून बघितलं, चावीने. मला काही कळलं नाही.

आणि आठवड्याने बस्त्याव मला मोटर रूमच्या मागे घेऊन गेला. तिथे कर्दळीच्या आड एक छोटा हातपंप उभा होता. नवा, हिरव्या रंगाचा, खाली पक्का ओटा केलेला. ओटा मी वाजवला नाही. त्याची गरज नव्हती. त्या जन्मात न पाहिलेल्या सरळ भेगेचा अर्थ तिथे उभ्या उभ्या लागला. श्वासाच्या पाईपला जोड देऊन, तळाच्या चरातून, भिंतीतून काढून, वर नवा गिलावा चढवून हा माणूस माझ्या पुलाखालची विहीर बाहेर घेऊन आला होता. पंपाला कुलूप नव्हतं. ओट्यावर ओली रेघ होती आणि ती फाटकाकडे गेली होती.

मी मामाला बोलावून घेतलं. "हे उक्त्यात होतं का?"

"टाकीला श्वास पायजे, शेट. नायतर पुढच्या वेळी रिकामी करशील तवा उचलंल."

"उक्त्यात होतं का?"

"नव्हतं."

"विचारलंत का मला?"

"तू नाय म्हनाला असतास."

म्हणालो असतो. ते त्याचं बरोबर आहे. पण म्हणूनच मी म्हणतो की फसवलं. माझ्या जमिनीतून, मी पैसे देऊन करून घेतलेल्या गिलाव्याखालून, मी न सांगितलेला पंप निघतो, आणि पाण्याच्या धंद्यातल्या माणसाच्या आवारातून रोज दोन कॅन फुकट पाणी बाहेर जातं. बस्त्याव विचारत होता, काढून टाकू का. मी म्हणालो, सीझन संपू दे, मग बघतो. त्यानंतर दोन सीझन गेले. दरम्यान त्या पंपाला तेल घालावं लागतं, कुरकुरतो. ते तेल कोणाच्या खर्चाने जातं, हे इथे लिहीत नाही.

हल्ली सायकलला एकच कॅन असतो. मी विचारलं तर मामा म्हणाला, "कमी पिते आता." आणि पुढे म्हणाला, "पन रोज इचारते, विहिरीला पाणी किती हाय? मी सांगतो, वरच्या पायरीपर्यंत हाय, बाय."

म्हणून हे सगळं लिहायला बसलो. मामाकडचं माझं येणं मी माझ्या पद्धतीने वसूल करीन, त्यात कोणी पडू नये. पण जनूशेट, माझं म्हणणं तुम्हाला आहे. तुम्ही बोरिवलीला आहात आणि माझा फोन उचलत नाही. तुम्ही मला वाडी विकलीत आणि विहीर लपवलीत, त्याचं मी बघून घेईन. मला उत्तर देऊ नका. इथे निर्मळला या, त्या ओट्यावर तुमच्या बहिणीसमोर उभे राहा आणि ती विचारील तेव्हा तुम्ही सांगा तिला, विहिरीला पाणी किती आहे ते. रोज एकट्या गवंड्यानेच का खोटं बोलायचं?